एक ना धड की हरहुन्नरी? गावातील कारागिरापुढचा पेच

मराठी भाषेने या प्रश्नाचा निकाल दोन्ही बाजूंनी देऊन ठेवला आहे. ज्याला चार कामे येतात त्याला ती कौतुकाने ‘हरहुन्नरी’ म्हणते आणि त्याच माणसाचे एखादे काम फसले की ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणून मोकळी होते. दहावीचा निकाल लागला की खेड्यापाड्यांतील असंख्य घरांत हा वाद नव्याने उभा राहतो. मुलाला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत घालून वीजतंत्री, जोडारी किंवा संधाता यांपैकी एकाच कामात पक्का करावा, की घरची शेती, दोन म्हशी, थोडे वायरिंग, थोडे गवंडीकाम असे जे पडेल ते शिकू द्यावे? वडीलधाऱ्यांचा कल बहुधा पहिल्याकडे असतो. गावातील प्रत्यक्ष व्यवहार मात्र दुसऱ्याच्या बाजूने बोलत असतो. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. त्या मुलाने गावात राहून पोट भरायचे की शहराची वाट धरायची, हे पुष्कळदा या एका निवडीवरून ठरते. म्हणून त्याचा विचार म्हणींच्या पलीकडे जाऊन करायला हवा.

बाजाराची वेस

एकाच कामात प्रावीण्य मिळवावे, या मताचे सर्वांत प्रसिद्ध समर्थन अ‍ॅडम स्मिथ या स्कॉटिश अर्थशास्त्रज्ञाने १७७६ साली केले. टाचण्या तयार करण्याचे काम सुमारे १८ क्रियांत विभागले तर दहा माणसे दिवसाला ४८ हजारांपर्यंत टाचण्या करू शकतात, हे त्याचे उदाहरण अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्याच ग्रंथात थोड्याच पानांनंतर तो जे सांगतो त्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. श्रमविभागणी किती करता येईल हे बाजार केवढा आहे यावर अवलंबून असते, असे त्याचे म्हणणे आहे. त्यासाठी तो आपल्या देशातील डोंगराळ भागातील विरळ वस्तीचा दाखला देतो. तेथील शेतकऱ्याला आपल्या घरापुरता खाटीकही व्हावे लागते आणि पाव भाजणाराही. खिळे करणारा लोहार दिवसाला हजार खिळे करू शकत असला, तरी अशा ठिकाणी त्याच्या एका दिवसाचे खिळे वर्षभरातही खपणार नाहीत.

हा दाखला आपल्याकडे लावून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात वस्ती असलेली सुमारे ४१ हजार गावे होती आणि ग्रामीण लोकसंख्या सुमारे ६ कोटी १५ लाख होती. म्हणजे सरासरी गाव दीड हजार लोकवस्तीचे, सव्वातीनशेच्या आसपास घरांचे. अशा गावात विहिरींवर आणि बोअरवर मिळून ८० मोटारी आहेत, प्रत्येक मोटार वर्षातून एकदा बिघडते आणि दुरुस्तीला एक दिवस लागतो, असे समजू. तर केवळ मोटारी दुरुस्त करणाऱ्याला त्या गावात वर्षाला ८० दिवसांचे काम मिळेल. उरलेल्या दिवसांचे काय? एक तर त्याला अशा चार गावांचे काम धरावे लागेल, नाहीतर मोटारीबरोबरच घरांचे वायरिंग, पाईपलाइनची गळती, ठिबकच्या नळ्या आणि फाटकांचे वेल्डिंगही अंगावर घ्यावे लागेल. गावातला कारागीर चार कामे करतो तो हौसेने नव्हे. त्याच्या बाजाराची वेस गावाच्या वेशीपाशीच संपते, म्हणून त्याला ती करावी लागतात.

यावर कोणी म्हणेल, की पूर्वी तर गावात एकेका कामाला वेगळा माणूस होता आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. ते कसे?

बलुत्याचा तोडगा आणि त्याची किंमत

सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव अशा बारा बलुतेदारांची यादी प्रदेशागणिक थोडी बदलते, परंतु व्यवस्थेचे तत्त्व सर्वत्र सारखेच होते. कारागिराने गावाचे काम वर्षभर करायचे आणि सुगीच्या वेळी खळ्यावर आपल्या वाट्याचे धान्य न्यायचे. प्रत्येक कामाचे वेगळे पैसे नसत. कामाचे महत्त्व पाहून थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळींत बलुत्याचे प्रमाण लावलेले असे. आजच्या भाषेत बोलायचे तर लहान बाजाराचा प्रश्न गावाने ग्राहक बांधून देऊन सोडवला होता. सुताराला रोज काम नसले तरी त्याचे धान्य ठरलेले होते. म्हणून तो एकाच धंद्यात राहू शकत होता.

हा सुतारही आजच्या अर्थाने ‘एका कामाचा’ नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. नांगर, वखर आणि तिफण त्याच्याकडे, बैलगाडी त्याच्याकडे, घराची तुळई, चौकट आणि कडीपाटही त्याच्याकडे. लाकूड एक, पण कामे वीस. शहरात गाड्या करणारा, खुर्च्या करणारा आणि नक्षी कोरणारा हे तीन वेगळे कारागीर झाले असते.

या व्यवस्थेची किंमत मात्र जबर होती. काम कोणी करायचे हे जन्माने ठरत असे. सुताराच्या मुलाला लोखंडाची ओढ असली तरी तो भाता हाती धरू शकत नसे आणि चांभाराच्या मुलाला चामड्यावाचून दुसरी वाट नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या वतनी पद्धतीची परखड झाडाझडती घेतली आहे. हक्क वंशपरंपरेने मिळतो, तेव्हा काम चांगले करण्याची निकड उरत नाही आणि शेतकऱ्याचा खोळंबा होतो, हा त्यांच्या टीकेचा गाभा होता.

याहून मोठा अन्याय उतरंडीच्या तळाशी होता. महार वतनदाराकडे एक काम नव्हते, असंख्य कामे होती. गावाची राखण, शिवेच्या खुणा, निरोप, सरकारी कामासाठी धावपळ, मेलेली गुरे ओढणे हे सारे त्याच्याकडे. कोणत्याही वेळी, कोणत्याही कामासाठी त्याला बोलावता येई. म्हणजे गावातील सर्वांत अधिक कामे करणारा माणूसच सर्वांत कमी मानाचा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, ते याच वेठीच्या विरोधात. पुढे १९३६ साली त्यांनी जातिव्यवस्थेच्या समर्थकांचा श्रमविभागणीचा युक्तिवादही खोडून काढला. माणसाचा कल आणि कुवत न पाहता आईबापांच्या स्थानावरून त्याचे काम ठरवणे म्हणजे माणसांचीच उतरंड लावणे होय, अशी त्यांची मांडणी होती. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ सालचा आहे.

बलुतेदारी केवळ कायद्याने मोडली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विसाव्या शतकाच्या प्रारंभी आला आणि सुताराच्या कामाचा एक मोठा हिस्सा कारखान्याकडे गेला. पुढे तांब्या-पितळेच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या आणि स्टीलच्या भांड्यांनी कुंभाराचे गिऱ्हाईक कमी केले. रबरी चपलेने चांभाराचे, तर ट्रॅक्टरने लोहार आणि सुतार या दोघांचेही काम घटवले. ज्याच्या हाती एकच काम होते, त्याचे ते काम गेले तेव्हा हाती काहीच उरले नाही. एकाच धंद्यावर विसंबण्याचा धोका महाराष्ट्रातील खेड्यांनी असा प्रत्यक्ष भोगलेला आहे.

न मोजलेले कौशल्य

बलुतेदारांच्या शेजारी गावात आणखी एक वर्ग होता, जो कधीच एका कामाचा नव्हता. तो म्हणजे शेतकरी. जमिनीचा वाफसा ओळखणे, बैल वेसणीला लावणे, तिफणीची मूठ धरणे, अंबाडीचा वा घायपाताचा दोर वळणे, गंजी रचणे, बांध घालणे ही सगळी वेगवेगळी कौशल्ये आहेत. ती एकाच माणसात असत, म्हणून त्यांना आपण एकच नाव दिले: शेती. किनारपट्टीवर याच गोष्टीला ऋतूचे रूप आहे. जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो आणि यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या काळात कोकणातील अनेक कुटुंबे भाताच्या लावणीत गुंतलेली असतात. बंदीच्या काळात हात रिकामे राहू नयेत, यासाठी दुसरे काम हाताशी असणे तेथे पूर्वापार गरजेचे ठरले आहे.

शेतकऱ्याच्या घरातील स्त्री तर याहूनही अधिक कामे जाणते. खुरपणी, कापणी, दूधदुभते, गोवऱ्या, वाळवणे, साठवणीचे धान्य, गोधड्या, आजारी जनावराची देखभाल अशी यादी लांबवावी तितकी लांबेल. या सर्वांना मिळून ‘घरकाम’ हे नाव दिल्याने त्यातील एकाही कामाला कौशल्याचा दर्जा मिळाला नाही. बी निवडून, राखेत घोळून, मडक्यात वा कणगीत पुढच्या हंगामासाठी जपणे हे त्यांपैकीच एक. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या कोंभाळणे गावातील राहीबाई पोपेरे यांनी या एका कामाकडे निष्ठेने लक्ष दिले, गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली. असंख्य बायका करीत असलेल्या अनेक कामांपैकी एक काम खोलवर नेले, तेव्हा जगाला ते कौशल्य म्हणून दिसले. अनेक कामे येणे आणि एका कामात खोल जाणे यांचे नाते या उदाहरणात स्पष्ट दिसते. खोलीला सुरुवात करायला आधी रुंदी लागते, पण ओळख मिळते ती खोलीमुळेच.

जेथे ‘थोडेसे येणे’ घातक ठरते

याचा अर्थ प्रत्येकाने सगळे थोडे थोडे शिकावे, असा नाही. काही कामे अशी आहेत की त्यांत अर्धवट ज्ञान हे अज्ञानाहून वाईट. गावातील रोहित्र, म्हणजे ज्याला सगळे ‘डीपी’ म्हणतात, त्यावरचा फ्यूज उडतो. लाइनमन दुसऱ्या गावी असतो आणि पीक पाण्यावाचून वाळत असते. अशा वेळी ‘मला येते’ म्हणणारा कोणीतरी काठी घेऊन पुढे सरसावतो. वीजपुरवठा पुरता बंद आहे की नाही, दुसऱ्या बाजूने प्रवाह उलट येतो आहे का, हे त्याला ठाऊक नसते आणि ते न कळल्याची किंमत जिवाने मोजावी लागते. मोटारीच्या गुंडाळीचे कामही असेच. तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि इन्सुलेशन यांत चूक झाली तर मोटार चालू होते खरी, पण तापते आणि ऐन उन्हाळ्यात जळते. तेव्हा पुरते पीक हातचे जाते.

पशुपालनातील उदाहरण अधिक बोलके आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे ‘बायफ’ची स्थापना केली. गाईच्या कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारात पोचवणे हे त्या संस्थेचे मोठे काम ठरले. हे काम करणाऱ्याला माजाची नेमकी वेळ, वीर्यकांड्या गोठवून ठेवण्याची रीत आणि हाताची सफाई या तिन्हींत पारंगत असावे लागते. अर्ध्या दिवसाची चूक झाली तरी गाय उलटते आणि शेतकऱ्याचे तीन आठवडे वाया जातात. येथे हरहुन्नरी माणूस उपयोगाचा नाही. रोज तेच काम करून हात बसलेला माणूसच हवा.

मात्र अशी विशेषज्ञता शहरातच घडते, असे समजण्याचे कारण नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७०च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ग्रामीण डॉक्टरपुढे ताप, बाळंतपण, जखम, सर्पदंश असे सगळेच येते. त्यांच्यापुढेही ते आले. परंतु कोकणात विंचूदंशाने होणारे मृत्यू पाहून त्यांनी त्या एका विषयाचा पाठपुरावा केला आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. त्यांचे लेखन ‘लॅन्सेट’सारख्या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. सगळे काही करावे लागणाऱ्या जागीच कोणते एक काम खोलवर करण्याची गरज आहे, हे त्यांना दिसले. मोठ्या शहरातील रुग्णालयात ते दिसले नसते.

गाडी, मोबाइल आणि बदललेली वेस

लहान बाजाराची जी वेस वर सांगितली, तीही आता पूर्वीसारखी उरलेली नाही. मोटारसायकल आणि मोबाइल या दोन गोष्टींनी ती पुष्कळ लांब सरकवली आहे. पूर्वी कारागिराचा शोध पारावर घेतला जाई. आज वीस गावांतून एका माणसाला फोन येतो आणि तो तासाभरात पोचतो. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी केवळ ठिबक बसवणारा, केवळ बोअरमधील मोटार काढणारा किंवा केवळ ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक दुरुस्त करणारा माणूस आपला धंदा चालवू शकतो.

पिकांचे पट्टे तयार झाल्यानेही तेच घडले. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी ही कसबी माणसांची कामे आहेत. कोणता डोळा ठेवायचा आणि कोणता काढायचा, यावर वर्षाचे उत्पन्न ठरते. पेठ, सुरगाणा या भागांतून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या एकरावर ठेका घेऊन बागेची कामे करतात. हजारो एकरांवर एकच पीक असल्यामुळे एका कौशल्यावर कित्येक आठवडे काम मिळते. स्मिथचा सिद्धान्त येथे अक्षरशः खरा ठरतो.

परंतु एका कामात गुंतणे आणि त्या कामावर आपला हक्क असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीड जिल्ह्यातून दर हंगामात ऊसतोडीसाठी बाहेर पडणारी जोडपी एकच काम करतात आणि ते वेगाने व सफाईने करतात. पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ अशीच त्यांची मोजणी होते. तरीही उचल घेऊन मुकादमाशी बांधले गेल्यामुळे त्या कौशल्याची किंमत त्यांना स्वतः ठरवता येत नाही. त्यात ऊसतोडणी यंत्रे शेतात उतरू लागली आहेत. ज्यांच्या हाती केवळ कोयता आहे, त्यांच्यापुढे उद्या कुंभाराचाच प्रश्न उभा राहील.

पाबळची वाट

गावातील मुलाला नेमके काय शिकवावे, याचा विचार आपल्याकडे दोन वेगळ्या अंगांनी झाला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी ‘नई तालीम’ची कल्पना मांडली. तिच्या केंद्रस्थानी एक मूलोद्योग होता. सूतकताईसारखे एक काम धरायचे आणि त्याच्या आधारे गणित, भूगोल, विज्ञान शिकायचे, ही तिची रीत.

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला तेव्हा त्यांनी वेगळी वाट धरली. संशोधनाची नोकरी सोडून आलेल्या या शास्त्रज्ञाने शाळेतील मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम आखला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातील एक दिवस हातांनी काम करायचे. ते काम खोटे नसावे, गावाच्या उपयोगाचे असावे आणि त्याचा हिशेब ठेवला जावा, यावर त्यांचा भर होता. शाळा सोडलेल्या मुलांसाठी तेथे एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रमही चालतो. त्यात वेल्डिंगपासून बांधकामापर्यंत आणि वायरिंगपासून कुक्कुटपालनापर्यंतची कामे मुले आळीपाळीने शिकतात. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले, पण पाबळचा हा विचार राज्यातील अनेक शाळांत पोचला आहे.

याउलट औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची रचना १९५०च्या सुमारास कारखान्यांची गरज डोळ्यांपुढे ठेवून झाली. वीजतंत्री दोन वर्षे, जोडारी दोन वर्षे, संधाता एक वर्ष असे तेथील मोजमाप आहे. कारखान्यात वीजतंत्र्याने नळ जोडायचा नसतो. त्यासाठी दुसरा माणूस नेमलेला असतो. गावात मात्र मोटार, स्टार्टर, पाईप आणि पाईप जेथे मुरतो तो सिमेंटचा चौथरा हे सगळे एकाच विहिरीवर असते आणि शेतकरी त्यासाठी चार माणसे बोलावू शकत नाही.

पाबळच्या पद्धतीवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. एका वर्षात इतकी कामे शिकलेला मुलगा कोणत्या कामात पक्का होणार? याचे उत्तर असे, की ही पद्धत धंद्याचा शेवट नव्हे, आरंभ होय. चार कामे हाताळल्यावर आपला हात कशात चालतो हे मुलाला स्वतः कळते. बलुतेदारीत ते जन्माने ठरत होते. आज ते बहुधा प्रवेशफेरीतील गुणांनी ठरते. दोन्हींत मुलाच्या हाताला कोणी विचारत नाही.

चार कामे, एक पगार?

शासनालाही गावातील या वास्तवाची जाण आलेली दिसते. २०१६ साली राज्य शासनाने तीन हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावांसाठी ग्रामविद्युत व्यवस्थापकाची योजना आखली. मीटरचे वाचन, बिलांचे वाटप, फ्यूज घालणे, पथदिव्यांची देखभाल अशी कामे एकाच स्थानिक तरुणाकडे द्यावीत, पण तो वीजतंत्री वा तारतंत्रीचे प्रशिक्षण घेतलेला असावा, अशी तिची मांडणी. ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनखाली ‘नल जल मित्र’ तयार करण्याचा उपक्रम आहे. त्यात नळजोडणी, पंप, वीज आणि किरकोळ गवंडीकाम एकाच माणसाला शिकवले जाते. दुसरीकडे सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी आदी १८ पारंपरिक व्यवसायांची यादी आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत विनातारण कर्ज ही मदत मोलाची आहे. परंतु जो माणूस सकाळी लोहारकाम, दुपारी वेल्डिंग आणि संध्याकाळी ट्रॉलीची दुरुस्ती करतो, त्याच्या धंद्याला या यादीत नेमके नाव नाही.

येथे एक सावधगिरीचा इशारा देणे आवश्यक आहे. ‘बहुकौशल्य’ हा शब्द गोड आहे, पण त्याच्या आडून चार माणसांचे काम एका माणसाच्या मोबदल्यात करून घेण्याची वाट उघडते. महार वतनाचा इतिहास डोळ्यांपुढे असणाऱ्या समाजाने तरी हे विसरू नये. ज्या कामगाराला अनेक कामे येतात त्याला अधिक मोल मिळाले पाहिजे. केवळ अधिक कामे मिळणे हा त्याचा सन्मान नव्हे.

मग निवड कशी करावी?

वरील सर्व उदाहरणांतून एक मध्यम मार्ग हाती लागतो. घराला जसा एक मुख्य खांब असतो आणि बाकीचे टेकू, तसे कौशल्याचे असावे. एक काम असे पक्के यावे, की शेजारच्या चार गावांतून त्यासाठी बोलावणे येईल. त्याच्या जोडीला दोन-तीन कामे अशी असावीत, की गावातल्या गावात ती भरवशाने करता येतील.

ही जोडकामे निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली गोष्ट हत्यारांची. मोटारदुरुस्ती, वायरिंग आणि पाईपजोडणी यांना पुष्कळशी हत्यारे सामाईक लागतात, त्यामुळे भांडवल दुप्पट होत नाही. मोटारदुरुस्ती आणि शिवणकाम यांचे तसे नाही. दुसरी गोष्ट हंगामाची. गवंड्याचा धंदा पावसाळ्यात बसतो, तर मोटारीचे काम रब्बीपासून उन्हाळ्यापर्यंत जोरात असते. दोन्ही धंदे एकाच वेळी तेजीत आणि एकाच वेळी मंदीत असतील तर त्यांची जोड निरुपयोगी. तिसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीवर मोटार बसवायला जायचे, त्यालाच ठिबक आणि स्टार्टरही लागतात. एकाच फेरीत दोन कामे झाली तर गाडीचे पेट्रोलही वाचते आणि विश्वासही वाढतो.

मुख्य कामाचे रीतसर प्रमाणपत्र असणे अगत्याचे आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे काम केले पण शिक्षण घेतले नाही, त्यांचे पूर्वीचे कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकासाच्या सरकारी योजनांत करण्यात आली आहे. तिची चौकशी अवश्य करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणत्या कामाला ‘मला येत नाही’ म्हणायचे, हे ठरवून ठेवावे. डीपीवर चढायचे नाही, आडलेल्या गाईला हात घालायचा नाही, तुळईला आधार न देता भिंत पाडायची नाही. हरहुन्नरी माणसाची खरी परीक्षा त्याच्या नकारात असते.

शाळा आणि प्रशिक्षण संस्था यांनीही आपला क्रम बदलावा. आधी मुलाला चार कामे हाताळू द्यावीत, मग एकात त्याला पक्के करावे आणि मग त्या कामाला लागून असलेली दोन कामे शिकण्याची वाट मोकळी ठेवावी. आज वीजतंत्री झालेल्या मुलाला तीन वर्षांनी नळजोडणी शिकायची असेल, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून वर्गात बसण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये.

गावगाड्याच्या काळात माणसाचे काम त्याच्या जन्माने ठरले. नंतरच्या काळात ते त्याच्या नाइलाजाने ठरू लागले: एक धंदा बुडाला म्हणून दुसरा, तो पुरेना म्हणून तिसरा. एक काम की अनेक, हा प्रश्न त्यामुळे अर्धाच आहे. जे एक काम धरले ते आपण होऊन धरले का, आणि जी अनेक कामे करतो त्यांचे मोल आपल्याला मिळते का, हा त्याचा उरलेला अर्धा भाग होय. या दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर त्या मुलाला गाव सोडण्याची घाई करावी लागणार नाही आणि गावालाही आपल्या विहिरीवरची मोटार सुरू करायला तालुक्याच्या माणसाची वाट पाहत बसावे लागणार नाही.